उरणच्या मुलांना जुनी अक्षरे कशी शिकवावीत?

उरण हे नाव इ.स. 1260 मध्ये दगडावर कोरले गेले. तालुक्यातल्या चाणजे गावचा हा शिलालेख शक 1182 मधला, उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या सोमेश्वर राजाच्या काळातला. उरणमधल्या चाडिचे गावच्या एका बागेचे ठरलेले उत्पन्न, 162 पारुत्थ द्रम्म, ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला दिल्याची नोंद त्यात आहे. चाडिचे म्हणजे आजचे चाणजे. लेखाची लिपी नागरी, म्हणजे आपण आज वापरतो त्या देवनागरीचीच आधीची पायरी. तरीही दहावी झालेल्या मुलाला तो वाचता येत नाही. साडेसातशे वर्षांत अक्षरांची वळणे बदलत गेली आणि ती वळणे त्याला कोणी दाखवलेली नाहीत.

दुसरीकडे सुट्टीतल्या शिबिरांमुळे आणि मोबाइलवरच्या चित्रफितींमुळे सुलेखनाची गोडी वाढते आहे. मुले हातात ब्रश घेतात, चिनी आणि जपानी अक्षरांचे नमुने उतरवतात, गणपतीच्या आकारात नावे लिहितात. न्हावा-शेवा बंदरामुळे तर चिनी अक्षरे उरणच्या रस्त्यांवरून कंटेनरच्या पाठीवर बसून रोज जातात. ती काय आहेत असे मुले विचारतात, आणि तो प्रश्न चांगला आहे. जगातल्या सर्वांत जुन्या लेखनपरंपरांपैकी एक आजही वापरात आहे, ती चीनची, आणि मुलांना ती शिकवण्याचा सलग अनुभव त्या देशाइतका क्वचितच कोणाकडे असेल. तेव्हा चीन हे कसे करतो, उरणच्या आसपास शिकवण्यासारखे काय आहे, महाराष्ट्रात आज काय चालू आहे आणि शाळेला काय करता येईल, या चार गोष्टींचा हा आढावा.

हाडांवरची अक्षरे आणि शाळेतला ब्रश

चिनी लेखनाचा सर्वांत जुना मोठा साठा हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर आहे. 1899 च्या सुमारास वांग यीरोंग या विद्वान अधिकाऱ्याच्या लक्षात आले, की औषध म्हणून कुटून विकल्या जाणाऱ्या 'ड्रॅगनच्या हाडां'वर प्राचीन अक्षरे आहेत. 1928 पासून आन्यांग येथे शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू झाले. शांग राजांनी सुमारे 3200 वर्षांपूर्वी पूर्वजांना विचारलेले प्रश्न त्या हाडांवर निघाले: पाऊस पडेल का, पीक येईल का, लढाई जिंकू का, राजाचा दात कशामुळे दुखतो आहे. असे सुमारे दीड लाख तुकडे मिळाले आहेत. त्यांवरची साडेचार हजारांच्या आसपास वेगवेगळी चिन्हे ओळखली गेली असून त्यांतली साधारण एक तृतीयांश खात्रीने वाचता येतात.

मुलांच्या वर्गात याचा उपयोग सोपा आणि थेट आहे. सूर्याचे जुने चिन्ह म्हणजे मध्ये खूण असलेले वर्तुळ, डोंगराची तीन शिखरे, झाडाला वर फांद्या आणि खाली मुळे. दोन झाडे शेजारी काढली की राई, तीन काढली की अरण्य. पहिलीतल्या मुलालाही हे पाच मिनिटांत कळते. मात्र बरेच हौशी वर्ग इथेच थांबतात आणि चिनी लिपी म्हणजे चित्रलिपी असा समज मुलांच्या मनात पक्का करतात. हा समज चुकीचा आहे. श्यू शेन याने इ.स. 100 च्या सुमारास रचलेल्या कोशात 9353 अक्षरे 540 गटांत लावली होती. त्यांतली बहुसंख्य अक्षरे दोन भागांची आहेत, एक भाग अर्थाकडे नेणारा आणि दुसरा उच्चाराकडे. म्हणजे चिनी लेखनही ध्वनीशी बांधलेलेच आहे. चित्रापासून सुरुवात करावी, पण ध्वनीपर्यंत जावे, हे शिकवणाऱ्याने पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवायला हवे.

चीनची शिकवण्याची रीत आपल्याला परकी वाटू नये. तिथे मूल आधी लाल रंगात छापलेल्या अक्षरावरून काळी शाई फिरवते. आपल्याकडे पंतोजी धुळाक्षरे गिरवून घेत, कित्ता देत, तेच हे. मग अक्षर चौकटीत बसवायचे. चौकटीला उभ्या, आडव्या आणि तिरक्या मार्गरेषा असतात, त्यामुळे अक्षराचा तोल कुठे जातो ते मुलाला स्वतःलाच दिसते. रेघांचा क्रम ठरलेला असतो. 'चिरंतन' या अर्थाच्या एका अक्षरात आठ मूळ फटकारे येतात, म्हणून शतकानुशतके त्या एकाच अक्षरावर हात बसवला जातो. वाचनासाठी 'सहस्र अक्षरांचा पाठ' असे. सहाव्या शतकात झोऊ शिंगसी याने एक हजार वेगवेगळी अक्षरे वापरून, एकही पुन्हा न घेता, ही पद्यरचना केली. परंपरा सांगते, की त्यासाठी चौथ्या शतकातला थोर सुलेखनकार वांग शीझ्री याच्या हस्ताक्षरातून अक्षरे निवडली होती. पाठांतर, वाचन आणि सुंदर वळण या तिन्ही गोष्टी मुलाला एकाच पाठातून मिळत.

दगडांचाही तिथे शाळेसारखा उपयोग झाला. इ.स. 837 मध्ये तांग राजवटीत अभिजात ग्रंथ 114 शिळांवर दोन्ही बाजूंनी कोरून राजधानीत उभे केले गेले. विद्यार्थ्याने शुद्ध पाठ कुठे पाहायचा, याचे ते सार्वजनिक उत्तर होते. त्या शिळा आणि इतर लेख 1087 पासून शीआन शहरात एका ठिकाणी जमवले गेले, आणि आज ते 'शिळांचे वन' म्हणून ओळखले जाणारे संग्रहालय आहे. कोरलेल्या दगडावर ओला कागद दाबून, वरून शाईचा बोळा टेकवून ठसा घेण्याची कला चीनमध्येच वाढली. मूळ दगड दूर असला तरी ठशावरून विद्यार्थी वळण शिकत. भारतातले पुराभिलेखतज्ज्ञही शिलालेखाची नक्कल याच जातीच्या ठशाने घेतात.

आधुनिक काळात चीनसमोरही पेच उभे राहिले. 1956 पासून तिथे अक्षरे सोपी करण्याची योजना अमलात आली. पुढे संगणक आणि मोबाइल आले. उच्चार टंकला की अक्षर पडद्यावर येते, त्यामुळे शिकलेल्या माणसांनाही हाताने लिहिताना अक्षर आठवेनासे झाले. यावर 2011 मध्ये शिक्षण मंत्रालयाने तिसरी ते सहावीच्या वर्गांसाठी आठवड्याला सुलेखनाची एक तासिका सुचवली आणि 2013 मध्ये सविस्तर मार्गदर्शिका काढली. त्याच वर्षी चिनी दूरचित्रवाणीवर ऐकलेले शब्द हाताने लिहिण्याची विद्यार्थ्यांची स्पर्धा गाजली. जपानमध्येही तिसरीपासून ब्रश हातात येतो आणि नववर्षाच्या पहिल्या दिवसांत मुले मोठ्या कागदावर शुभशब्द लिहितात. चिनी सुलेखनाला 2009 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

यातून आपल्या कामाच्या तीन गोष्टी निघतात. लेखनाचा हात आणि जुन्या लेखाचे वाचन तिथे एकमेकांपासून तोडले गेले नाही. लिपी सोपी केली तरी जुनी रूपे सुलेखनाच्या तासाला जिवंत राहिली. आणि सुरुवात शाळेतून, वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी होते.

उरणच्या हाताशी काय आहे

उरणला चीनसारखा साठा कुठून मिळणार, असे वाटेल. प्रत्यक्षात उरणच्या मुलांना एका दिवसाच्या सहलीत दोन हजार वर्षांच्या अक्षरांची ओळख करून देता येते.

चाणज्यालाच आणखी एक जुना लेख आहे, शक 1060 म्हणजे इ.स. 1138 चा, अपरादित्य राजाचा. आई लीलादेवी हिच्या पुण्यासाठी नागुम गावातली जमीन दिल्याचे त्यात नोंदले आहे. नागुम म्हणजे उरणच्या किनाऱ्यावरचे नागाव. रानवड येथील शक 1181 चा लेखही सोमेश्वराच्याच काळातला. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे कोरीव लेख संपादित करून 1977 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केले आणि त्याआधी मराठीतही त्यांवर ग्रंथ लिहिला. म्हणजे चाणजे, नागाव, रानवड या गावांतल्या मुलाला आपल्याच गावाचे आठशे वर्षांपूर्वीचे नाव वाचायला मिळू शकते, आणि त्यासाठी लागणारे विद्वानांचे काम केव्हाच झालेले आहे. शाळेपर्यंत ते पोचवायचे तेवढे राहिले आहे.

अलिबागजवळच्या आक्षी गावचा शिलालेख मराठी भाषेच्या इतिहासात मानाचा आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार तो शक 934, म्हणजे इ.स. 1012 चा, श्रवणबेळगोळच्या प्रसिद्ध लेखापेक्षाही जुना. काळाच्या वाचनावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि वरच्या वर्गांतल्या मुलांना हा मतभेद आवर्जून सांगावा. झिजलेला एक आकडा वेगळा वाचला की शतके इकडची तिकडे होतात, हे कळले की इतिहास कसा ठरतो तेही कळते.

आणखी मागे गेले की ब्राह्मी. रायगडच्याच दक्षिणेला, मांदाडजवळ कुडे येथे बौद्ध लेणी आहेत. तिथल्या दानलेखांत माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी अशी साधी माणसे आपल्या नावानिशी भेटतात. उत्तरेला सोपाऱ्यात 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला आणि 1956 मध्ये नवव्याचा. ब्राह्मीची किल्ली 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेप यांच्या हाती लागली, तोवर ही अक्षरे कोणालाच वाचता येत नव्हती.

मुलांसाठी ब्राह्मी फार सोयीची आहे, कारण अशोककालीन अक्षरे रेघा, कोन आणि वर्तुळे यांतूनच होतात. 'क' म्हणजे अधिकचे चिन्ह. 'ठ' म्हणजे नुसते वर्तुळ. 'ब' चौकोन. 'ग' म्हणजे घराच्या छपराचे दोन उतार. आणि 'उरण' लिहायला तर तीन सोप्या आकृत्या पुरतात: 'उ' साठी उभी रेघ आणि तिच्या पायाशी उजवीकडे आडवी, 'र' साठी नुसती उभी रेघ, 'ण' साठी वर-खाली आडव्या रेघा जोडलेली उभी. दुसरीतले मूल हे पाटीवर लिहू शकते. आपल्या गावाचे नाव अशोकाच्या अक्षरांत लिहिता आले, की लिपी ही परीक्षेतली माहिती न राहता हातातली गोष्ट होते.

या ब्राह्मीची एक शाखा पुढे चीनमध्येही गेली. बौद्ध मंत्र लिहिण्यासाठी सिद्धम् नावाची भारतीय लिपी तांग काळात चिनी विहारांत अभ्यासली जात होती. इ.स. 806 मध्ये कूकाई हा भिक्षू ती जपानला घेऊन गेला, आणि तिथल्या शिंगोन पंथात ती आजही ब्रशाने लिहिली जाते. चिनी ब्रश आणि भारतीय अक्षर यांची भेट बाराशे वर्षांपूर्वीच झालेली आहे. चिनी सुलेखन शिकणाऱ्या मुलाला ही कडी सांगितली, तर त्याला दोन्ही परंपरा एकमेकींच्या ओळखीच्या वाटतील.

आणि घारापुरी. लेणी उरण तालुक्यात, 1987 पासून जागतिक वारसा यादीत. पण ती कोणी कोरवली, नेमकी कधी, याचा सांगावा देणारा लेख तिथे नाही. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कुतु याने लिहून ठेवले आहे, की लेण्याच्या दाराशी एक कोरीव लेखाची शिळा होती. पोर्तुगीजांनी ती काढली, वाचू शकेल असा माणूस इथे शोधला, तो मिळाला नाही, म्हणून ती पोर्तुगालच्या राजाकडे धाडली. तिथेही ती कोणाला वाचता आली नाही आणि पुढे तिचा पत्ता लागला नाही. आज अभ्यासक शैली आणि नाणी यांवरून लेण्यांचा काळ सहाव्या शतकात धरतात. जुनी लिपी वाचणारी माणसे उरली नाहीत म्हणजे काय होते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण उरणच्या समोर समुद्रात उभे आहे.

मोडी: घरातल्या पेटीतली लिपी

शिलालेख दगडावर असतात, मोडी घरात असते. यादव काळापासून, परंपरेने हेमाद्री पंडिताच्या नावाशी जोडलेली ही लिपी मराठीच्या कारभाराची लिपी होती. आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिच्याखाली सलग लिहीत जायची, अशी तिची रीत. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. लिहिणाऱ्याला ती वेगवान आहे, वाचणाऱ्याला अवघड. शिवकाल, पेशवाई आणि इंग्रजी अमदानीत तिची वळणे बदलत गेली. छापखान्याने देवनागरीला पुढे आणले आणि 1950 नंतर मोडी शाळांतूनही गेली.

चीनने अक्षरे सोपी केली आणि आपण मोडी सोडली, ते एकाच दशकात. फरक पुढे पडला. चीनमध्ये जुनी रूपे सुलेखनाच्या वर्गात, दुकानांच्या पाट्यांवर आणि सणाच्या लाल कागदांवर दिसत राहिली. आपल्याकडे मोडी एका पिढीत नजरेआड झाली. आजोबांनी सही मोडीत केली आणि नातवाला ती रेघोट्यांसारखी वाटली.

उरणसाठी हा निव्वळ सांस्कृतिक प्रश्न नाही. नवी मुंबईसाठी 1970 नंतर ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. 1984 मध्ये जासईच्या लढ्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि पाच जणांनी प्राण दिले. त्यातून पुढे आलेल्या, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याच्या योजनेने वारस, फेरफार, खरेदीखत हे शब्द घराघरांत नेले. स्वातंत्र्यापूर्वीच्या अशा कागदांत मोडीचे कागद भरपूर असतात. मोडी न येणाऱ्या घराला आपल्याच पणजोबांचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो आणि तो सांगेल त्यावर विसंबावे लागते. 2023 मध्ये राज्य सरकारने कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हाही मोडी वाचणाऱ्यांची निकड सगळ्या महाराष्ट्राला जाणवली. जुनी लिपी हक्काच्या कागदाशी जोडलेली आहे, हे उरणच्या पालकांना वेगळे समजावून सांगायला नको.

आज महाराष्ट्रात काय चालू आहे

संस्थांची परंपरा आपल्याकडे मजबूत आहे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून मोडी कागद जमवले आणि 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. मंडळात मोडीचे वर्ग होतात. राज्याचे पुराभिलेख खाते मोडीचे प्रशिक्षण देते. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि इतर दप्तरखान्यांत मोडी कागदांचे असंख्य रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, वाचकांची वाट पाहत आहेत.

सुलेखनातही थोर माणसे झाली. र. कृ. जोशी यांनी देवनागरी अक्षरांचा सखोल अभ्यास केला आणि संगणकावरचा मंगल हा फाँट घडवला. कमल शेडगे यांच्या अक्षरांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींना चेहरा दिला. अच्युत पालव यांनी मोडीच्या वळणांना सुलेखनात नवे जीवन दिले. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तंत्रज्ञानाची बाजूही तयार आहे. ब्राह्मीला 2010 मध्ये आणि मोडीला 2014 मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. संगणकाकडून मोडी वाचून घेण्याचे प्रयोग आयआयटी रुरकीसारख्या संस्थेत सुरू आहेत. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि नाणेघाटच्या ब्राह्मी लेखासारखे पुरावे वर्तमानपत्रांत आले.

एवढे असून उणीव कुठे आहे? माझ्या मते तीन ठिकाणी. पहिली, मोडीचे वर्ग मुख्यतः प्रौढांसाठी आहेत. निवृत्त माणसे, इतिहासाचे विद्यार्थी, वकील तिथे येतात आणि दहा वर्षांचे मूल क्वचित दिसते. दुसरी, सुलेखनाचे वर्ग मुलांसाठी आहेत, पण त्यांत अक्षर हे नक्षी होऊन बसते आणि जुना मजकूर कोणी वाचत नाही. तिसरी, हे सारे पुणे-मुंबईत एकवटले आहे. करंजा, मोरा, चिरनेरच्या मुलापर्यंत त्यातले थोडेच पोचते. वाचन एकीकडे, वळण दुसरीकडे आणि दगड तिसरीकडे, अशी आपली अवस्था आहे. चीनने या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या, आणि आपण शिकायचे ते नेमके हेच.

शंका आणि त्यांची उत्तरे

मुलांवर आधीच तीन भाषांचा भार आहे, आणखी लिपी कशाला, असे शिक्षक विचारतात. शंका रास्त आहे. म्हणून हा परीक्षेचा विषय करू नये. आठवड्याला एक तास, तोही चित्रकला, इतिहास आणि मराठी यांच्या तासिकांतून वाटून घेतलेला, पुरे आहे. शिवाय सावकाश, नीट अक्षर काढण्याचा सराव देवनागरी हस्ताक्षरालाही सुधारतो. रेघेचा जोर, अक्षरांमधले अंतर, ओळीचा तोल या गोष्टी सगळ्या लिप्यांना सारख्याच लागतात.

संगणक वाचेल तर मुलाने का शिकावे, हा दुसरा प्रश्न. संगणकाला शिकवण्यासाठी आधी माणसाने बरोबर वाचलेले हजारो नमुने लागतात, आणि यंत्राने दिलेले वाचन चूक की बरोबर हे ठरवायला जाणकार लागतोच. वाचणाऱ्यांची नवी पिढी नसेल तर तपासणार कोण?

तिसरी अडचण नाजूक आहे. कोकणातल्या अनेक दानलेखांसोबत गद्धेगाळ असते. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली, दान मोडणाऱ्याला दिलेल्या शापाचे अश्लील शिल्प. लहान मुलांना वरचा भाग दाखवावा: चंद्र-सूर्य असेतोवर हे दान टिकावे, हा त्याचा अर्थ त्यांना सहज समजतो. नववी-दहावीच्या मुलांना शाप म्हणून त्याची सामाजिक बाजू नीट सांगावी आणि त्यात स्त्रीच्या देहाचा धमकीसाठी केलेला वापर आजच्या नजरेने तपासायला लावावा. इतिहास लपवून शिकवता येत नाही, पण वयाचे भान ठेवावे लागते.

दंतकथांबद्दलही सावध राहायला हवे. हेमाद्रीने मोडी लंकेतून आणली, या लिपीत गूढ शक्ती आहे, चिनी अक्षरे म्हणजे नुसती चित्रे आहेत, अशा गोष्टी मुलांना पटकन आवडतात. त्या दंतकथा म्हणूनच सांगाव्यात आणि पुरावा काय म्हणतो ते लगेच शेजारी ठेवावे.

उरणच्या शाळेसाठी एक आराखडा

पहिली-दुसरीत अक्षरखेळ. पाटीवर, वाळूत, अंगणात. चीनच्या बागांमध्ये म्हातारी माणसे लांब दांड्याच्या ब्रशाने फरशीवर पाण्याने अक्षरे काढतात. वाळली की जागा पुन्हा कोरी. याला शाईचा खर्च नाही, चुकीची भीती नाही. उरणच्या शाळेच्या फरशीवर हे उद्या सुरू करता येईल. सूर्य, डोंगर, झाड यांची जुनी चिनी चिन्हे आणि ब्राह्मीतले 'क', 'ठ', 'ब' मुलांनी शेजारी शेजारी काढावेत.

तिसरी-चौथीत कित्ता. बोरूचा तिरका काप जाड-बारीक रेघ कशी देतो ते हाताने अनुभवावे. चौकटीत देवनागरी अक्षरे बसवावीत. आपले आणि गावाचे नाव ब्राह्मीत लिहावे.

पाचवी ते सातवीत मोडीची बाराखडी आणि छोटे शब्द: मौजे, कसबे, तर्फ, बिन. मोडीची अक्षरओळख होण्यास काही आठवडे पुरतात. कागद सफाईने वाचायला मात्र लांबचा सराव लागतो, हे आधीच सांगावे म्हणजे मुले निराश होत नाहीत. सहावीत मौर्य-सातवाहन शिकताना कुडे लेण्यांतल्या माळ्याचा आणि वैद्याचा लेख वाचावा.

आठवी-नववीत प्रत्यक्ष वाचन. चाणजे आणि रानवडच्या लेखांची छापील वाचने समोर ठेवून ठशाच्या छायाचित्रावरून एकेक अक्षर जुळवावे. ठसा घेण्याची कृती शिकवायची तर मातीच्या किंवा प्लास्टरच्या फरशीवर मुलांनीच कोरलेल्या अक्षरांवर. खऱ्या शिलालेखावर पाणी, शाई, खडू किंवा तेल-शेंदूर लावू नये, आणि संरक्षित स्मारकावर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय काहीही करू नये. 1958 चा कायदा तसे सांगतो, आणि कायदा नसता तरी दगड आपलाच आहे. मुलांनी घरातले मोडी कागद शोधावेत, त्यांची नीट छायाचित्रे घ्यावीत, कागदाला चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकचा थर चढवू नये. वर्षाकाठी एक सहल घारापुरीला काढावी आणि तिथे हरवलेल्या शिळेची हकिगत सांगावी.

यासाठी नवी इमारत लागत नाही. मोडी शिकलेला एक शिक्षक, बोरू, पाट्या आणि मिराशी-तुळपुळ्यांचे ग्रंथ असलेले शाळेचे कपाट एवढे पुरेसे आहे. पंचायत समिती, बंदर आणि इथल्या उद्योगांचा सामाजिक निधी यांतून तालुक्यातल्या एकेका शिक्षकाला मोडी प्रशिक्षणासाठी पाठवणे सहज शक्य आहे. चाणजे आणि रानवडच्या लेखांचे देवनागरी वाचन आणि सोपा मराठी अर्थ देणारा फलक त्या गावांच्या शाळांत लागावा, ही पहिली मागणी असावी.

पालकांना एकच विनंती आहे. मुलाला चिनी सुलेखन शिकायचे असेल तर आनंदाने शिकू द्या. त्याचा हात आणि नजर दोन्ही तयार होतील. पण त्याच आठवड्यात त्याला ब्राह्मीत 'उरण' लिहायला लावा आणि घरातला एक मोडी कागद त्याच्यासमोर उघडा. शिक्षकांनी येत्या जूनपासून आठवड्याचा एक तास यासाठी राखून ठेवावा. तालुक्यातल्या एका शाळेने सुरुवात केली, तरी दहा वर्षांनी उरणमध्ये जुने कागद आणि दगड वाचणारी तरुण माणसे असतील.